नाव कमी करण्याचे कारण

३ नोव्हेंबर, सोमवार

लोकल उशिरा. तळेगावला उतरून धावतपळत दवाखाना गाठला तर योजनेचं पोर्टल बंद. (यापुढे नुसतं 'पो. बं.' लिहीन, रोजचंच आहे.) टेबलासमोर रांग. 'सरकारी आरोग्य योजना : चौकशी येथे करावी' या पाटीकडे सगळे देवाच्या फोटोकडे बघावं तसे बघतात. मंजुरी वरून येते, मी फक्त कागद चढवते, हे सांगून कुणाला पटत नाही.

अकराच्या सुमाराला एक उंच बाई आली. मोरपंखी ड्रेस, वेणी, दोन्ही हातांवर ओरखडे. "मॅडम, माझं ऑपरेशन योजनेत बसतं का?" कसलं, विचारलं. तिने सांगितलं. जन्मली मुलगा म्हणून, बारा वर्षं झाली बाई म्हणून राहते, आता शरीरही तसं करून घ्यायचंय. आवाज जराही खाली न आणता सांगितलं. माझाच आवाज खाली आला.

नाव तारा. जुन्या कागदांवर ▬▬▬. वय एकतीस. मूळची वराळ्याची, आता लोणावळ्यात भाड्याच्या खोलीत. काम इथल्याच एका गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये, फुलं निवडून गड्ड्या बांधायचं. ओरखडे काट्यांचे. बाई म्हणून नोंद असलेलं कलेक्टर ऑफिसचं ओळखपत्र आहे, आपल्या सर्जन बाईंची चिठ्ठी आहे.

फाइल ठेवून घेतली. पण मला पटलेलं नाही. डायलिसिसवाले ताटकळत बसलेत आणि हे मध्येच काय? बाहेर बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सर्जन बाई गुरुवारी येतात. त्यांना म्हटलं, "मॅडम, हे ऐच्छिक नाही का? न करून कुणी मरत नाही."

त्या चहा ढवळत होत्या. म्हणाल्या, "नीला, मागच्या वर्षी हात भाजलेल्या त्या मुलीचा फॉर्म तूच भरलास ना? बोटं चिकटली होती. त्यानेही ती मरणार नव्हती. फाटलेल्या ओठाची बाळं येतात, तीही जगतातच. तेव्हा ऐच्छिक हा शब्द तुला आठवला नाही."

मुलीचा फॉर्म भरताना मी तर रडले होते.

मग त्यांनी जुन्या रिपोर्टच्या मागे पेनने चित्र काढून ऑपरेशन समजावलं. सगळं इथे उतरवत नाही. पण एक राहिलं डोक्यात. यात काही फेकून देत नाहीत म्हणे. आहे त्याच कातडीतून, आहेत त्याच शिरा सांभाळून नवं घडवतात, संवेदना जिवंत ठेवून. एवढ्याशा शिरा, आणि माणसाच्या हाताने! मी आ वासून बघत राहिले. पंधरा वर्षं दवाखान्यात आहे, पण सगळा वेळ कागदातच गेला.

तरी नव्या यादीतला या ऑपरेशनचा कोड पोर्टलवर सापडेना. हेल्पलाइनला फोन केला. "आहे मॅडम, पण दिसत नाही," म्हणाला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तारा आली. खुर्ची एकच रिकामी होती, तिच्यावर बसली. मागे एक माणूस, म्हाताऱ्या आईला घेऊन. तिच्या गुडघ्याची मंजुरी दोन महिने अडकलीय, माझ्याकडेच आहे ती फाइल. त्याने ताराचं बोलणं ऐकलं आणि मोठ्यानेच म्हणाला, "आमच्या आईला चालता येत न्हाई, आन सरकार ह्यांचे शौक पुरवनार!"

तारा उठली. "दादा, आदी मावशींना बसवा हितं." म्हातारीला स्वतः धरून बसवलं. मग म्हणाली, "शौक न्हाई पुरवला तरी चालतं दादा. मला पानी प्यायचंय." तो बावचळला. मीही.

नंतर सांगितलं तिने. पॉलिहाऊसवर दोन संडास. पुरुषांच्यात जाता येत नाही. बायका म्हणतात, ऑपरेशन झालं की ये खुशाल, तोवर नको. म्हणून सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत ती पाण्याचा थेंब घेत नाही. त्या प्लास्टिकच्या छताखाली, उकाड्यात. सहा वर्षं. दोनदा लघवीच्या आजाराने इथेच ॲडमिट होती, ते पैसे योजनेने दिलेत (एका संस्थेच्या शिबिरातल्या कार्डावर, ते आता चालत नाही). म्हणजे आजाराला योजना आहे, आणि आजार ज्याच्यामुळे होतो त्याला नाही.

"आणि आंघोळ मी डोळे मिटून करते मॅडम," म्हणाली, जाता जाता, पर्स शोधत.

घरी येऊन पहिली गोष्ट, ३ तारखेला लिहिलेलं तिचं जुनं नाव काळं केलं. मला ते जवळ ठेवायचा काय अधिकार?

१९ नोव्हेंबर, बुधवार

कोड सापडला! पण नवी आडकाठी. रेशनकार्ड नंबर टाकल्यावर कुटुंब येतं, त्यात तारा नाही. रेशनकार्डावर नाव नाही तर आमच्याकडे माणूसच नाही.

"वडलांनी नाव कमी केलंय माझं," ती म्हणाली. सात वर्षं झाली. आई होती तोवर चोरून फोन यायचा. आई दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हा ही रस्त्यावरूनच बघून आली, भावकीने आत येऊ दिलं नाही.

स्वतःचं वेगळं कार्ड काढ म्हटलं. त्यालाही जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. तो आबांकडे, म्हणजे तिच्या वडलांकडे असणार. "ते देनार न्हाईत. मी मागनार बी न्हाई."

मग कचेरीतून नक्कल काढू म्हटलं. मी का बोलले कुणास ठाऊक. माझं काम टेबलापुरतं आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

अर्धी रजा टाकून तिच्याबरोबर तालुक्याच्या कचेरीत. कारकुनाने जुना अर्ज शोधून काढला, दोन तास लागले, पण काढला. त्या अर्जात एक रकाना असतो : नाव कमी करण्याचे कारण. पुढे तीनच पर्याय छापलेले. मृत्यू. विवाह. स्थलांतर. एकावर खूण करायची.

खूण 'विवाह'वर होती.

कारकून हसला. "मुलाचं नाव लग्न झालं म्हणून कमी होतं काय? चुकून खूण पडली म्हाताऱ्याची. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात नाही आलं. असा दाखला नाही देता येणार, कुटुंबप्रमुखाला येऊन दुरुस्त करावं लागेल."

तारा त्या कागदाकडे बघत होती. मी खालची सही बघितली. मोठी, एकेक अक्षर जपून काढलेली. अशी सही करणारा माणूस खूण घाईत करत नाही.

घरी पेटीतून माझा दाखला काढला. ओतूरचा. माझं लग्न झालं त्या महिन्यात अण्णांनी माझं नाव कमी करून आणलं होतं, इथल्या कार्डावर चढवायला. कारण : विवाह. तो कागद माझ्या हातात देताना अण्णा चष्मा पुसत बसले होते. मला तेव्हा हसू आलं होतं, साधा कागद तो. प्रकाशला दाखवला (माझा नवरा). म्हणाला, "अशा प्रत्येक बाईकडे असतो ना एक." हो. प्रत्येक बाईकडे असतो.

३० नोव्हेंबर, रविवार

वराळ्याला गेले. तारा म्हणाली होती जाऊ नका. गेले.

गावाला चहूबाजूंनी बिल्डिंगांनी वेढलंय, मधे ह्यांचं भाताचं खाचर शिल्लक. आबा खळ्यावर झोडलेलं भात वाळत घालत होते. सत्तरीचे, काटक. ओळख सांगितली, तारासाठी आले म्हटलं. पायाने भात पसरणं थांबलं नाही. "ते नाव आमी घेत न्हाई."

मी थेट विचारलं, "आबा, अर्जावर तुम्ही विवाह का लिहिलंत?"

थांबले. खाली बसले. जे म्हणाले ते आठवेल तसं लिहिते, एक शब्द इकडचा तिकडे होऊ नये.

"भावकीनं धाडलं हुतं मला. मयत लिवून ये म्हनले. कागुद फुडं आला. मयत लिवायला हात उटंना, बाई."

मी म्हटलं, मग स्थलांतर लिहायचं. गाव सोडलं.

"गाव सोडून गेल्यालं मानूस परत येत न्हाई. आमच्या हितनं किती गेली, कोन आलं? लगीन झाल्याली पोर सनाला येती."

एवढंच. मग उठून परत भात पसरायला लागले.

मी तिथेच उभी. लेकीला दारात उभं करायचं धाडस झालं नाही या माणसाला, बायकोच्या मयतीलासुद्धा नाही. आणि सरकारी कागदावर, तीन छापील पर्यायांत, त्याने तिला लेक म्हणून लिहून ठेवलं होतं. सात वर्षं ते तिथे होतं. आम्ही सगळे चूक म्हणून हसलो.

कचेरीत याल का विचारलं. "भावकी हाय," म्हणाले. निघताना इंद्रायणी तांदळाची पिशवी दिली. कुणासाठी ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

पो. बं.

संध्याकाळी लोणावळ्यात उतरून ताराच्या खोलीवर पिशवी दिली. आबांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तिने पिशवी उघडली, मूठभर तांदूळ नाकाशी नेले. मग मला म्हणाली, "तुमी आता जा मॅडम." गेले. जिन्यात मला रडू आलं, तिचं मला माहीत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

गुडघेवाल्या मावशींची मंजुरी आली. बरं वाटलं. मुलाने पेढे आणले, आणि जरा घुटमळून विचारलं, "त्या ताईंचं झालं का?" नाही म्हटलं. एक पेढा तिच्यासाठी बाजूला ठेवून गेला. माणसं अजबच असतात.

प्रकाशशी वाद. तो म्हणतो, सरकारची तिजोरी एकच आहे, कुठेतरी रेघ मारावीच लागणार. बरोबर आहे त्याचं. मी म्हटलं रेघ मारा, पण रेघ मारणाऱ्याने एक दिवस सात ते पाच पाणी न पिता गुलाब निवडावेत. तो म्हणाला हा मुद्दा नाही, ही भावना आहे. असेल. अजून मला पुरतं उत्तर सापडलेलं नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

आबांना टेबलावरून तिसऱ्यांदा फोन. उचलतात, ऐकतात, ठेवतात.

तारा म्हणते घाई नको. फेब्रुवारीतल्या गुलाबांचा हंगाम तोंडावर आलाय, तोवर तिला रजाही नाही. पण सर्जन बाई मार्चनंतर दुसरीकडे जाणार आहेत, आणि आसपास हे ऑपरेशन दुसरं कुणी करत नाही. हे ती बोलत नाही, मला ठाऊक आहे.

१३ जानेवारी, मंगळवार. भोगी

आज काय झालं!

सकाळी साडेनऊला फोन. "कचेरीपाशी हाय. पोरीला घिऊन या." आणि ठेवला. पोरीला म्हणाले. मी ताराला फोन केला, तिने हातातल्या गड्ड्या टाकून रिक्षा धरली. मी अर्ध्या रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर न विचारता ठेवून आले.

आबा कचेरीच्या पायरीवर बसलेले. पांढरा सदरा, टोपी, शेजारी फडक्यात बांधलेला डबा. तारा फाटकापाशीच थांबली. सात वर्षांनी समोरासमोर. दोघंही हलेनात. शेवटी आबा म्हणाले, "ऊन लागतंय, सावलीला ये की." बस. ती येऊन दोन हातांच्या अंतरावर बसली.

आत कारकून तोच. त्याने आधीच मजकूर तयार ठेवला होता, चांगल्या मनानेच. 'नजरचुकीने विवाह असे नमूद झाले, तरी दुरुस्ती व्हावी.' इथे सही करा म्हणाला.

आबांनी वाचलं. सावकाश, बोट फिरवत. म्हणाले, "चूक न्हाई ती."

"अहो आबा, मुलगा होता ना तो? चूक म्हटल्याशिवाय दुरुस्ती कशी करणार?"

"मी चूक क्येली न्हाई. पोरगीच हाय ती. तुमच्या कागदावर काय हाय ते तुमी दुरुस्त करा."

मी ताराचं ओळखपत्र पुढे सरकवलं. कलेक्टरची सही बघून कारकून खुर्चीत मागे टेकला. आत साहेबांकडे जाऊन आला. पुन्हा गेला. अर्ध्या तासाने कोरा अर्ज आणला, नाव वाढवण्याचा. नाव : तारा. कुटुंबप्रमुखाशी नाते : हा रकाना त्याने रिकामा ठेवला, पेन आबांना दिलं.

आबांनी लिहिलं. मुलगी. तेच जपून काढलेलं अक्षर.

नाव पुन्हा वाढवण्याचं कारण विचारलं तर म्हणाले, "सनाला आली."

कारकून हसला नाही या वेळी. त्याने 'माहेरी परत' असं काहीतरी लिहिलं. नियमात बसतं का माहीत नाही. साहेबांची सही व्हायचीय, पंधरा दिवस म्हणालेत.

पायरीवर बसून डबा उघडला. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, भोगीची भाजी, लोणी. ताराच्या भावाच्या बायकोने करून दिलं होतं, कुणासाठी ते न सांगता. घरी अजून नेत नाहीत तिला. भावकी हाय. म्हणून सण कचेरीच्या पायरीवर. मलाही अर्धी भाकरी दिली. इतकं साधं जेवण, आणि माझे हात आपोआप जोडले गेले. देवळात सुद्धा कधी असं झालं नाही मला.

३० जानेवारी, शुक्रवार

नंबर टाकला. कुटुंब उघडलं. सगळ्यात खाली तारा, मुलगी, स्त्री. तीनदा बंद करून उघडून बघितलं.

दुपारी केस चढवली. सर्जन बाईंचं पत्र, मानसोपचारवाल्यांचं पत्र, सगळं जोडलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

पो. बं.

तारा दिसली स्टेशनवर. शेवटची गुलाबं गेली म्हणाली. हात पार सोलवटलेत.

१६ फेब्रुवारी, सोमवार

वरून शंका आलीय. 'सदर शस्त्रक्रिया ऐच्छिक आहे किंवा कसे? न केल्यास रुग्णाच्या जिवास धोका आहे काय? स्पष्ट करावे.' खाली उत्तराची चौकट, जेमतेम चार ओळी मावतील एवढी.

हाच प्रश्न मी नोव्हेंबरमध्ये विचारला होता, चहा ढवळणाऱ्या बाईंना. माझीच वाक्यं फिरून माझ्या टेबलावर आली.

तारा आणि आबा, दोघंही आलेत. आबा फक्त मला ऐकू जाईल अशा बेताने विचारत होते, बायकांच्या वॉर्डात बापाला थांबू देतात का. नाही देत म्हटलं, दिवसा भेटता येईल. "मंग तिच्या भावजयीला आनतो," म्हणाले. भावकीचं काय, ते मी विचारलं नाही.

शंका वाचून दाखवली. काय लिहू, विचारलं. तारा म्हणाली, "जीव जाईल असं लिवू नका. खोटं हाय ते. गेली एवढी वर्षं न्हाई गेला." मग काय लिहू? चार वेळा लिहून खोडलं. शेवटी जे खरं तेच लिहिलं : धोका नाही. गरज आहे. रुग्ण दिवसभर पाणी पीत नाही, दोनदा दाखल व्हावं लागलं आहे, कागद जोडले आहेत. उरलेल्या जागेत सर्जन बाईंचं एक वाक्य. धाडलं. पडद्यावर आलं : प्रलंबित.

मार्च दोन आठवड्यांवर आहे.

त्या दोघांना जायला सांगितलं तरी बसून राहिले, जसं काही संध्याकाळपर्यंत उत्तर येणारच आहे. ऊन वाढलेलं. आबांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्यापुढे धरली. "पी." तिने मान हलवली. "नको आबा." त्यांना वाटलं तहान नाही. मला कळलं.

ड्रॉवरमधून स्टाफच्या बायकांच्या बाथरूमची किल्ली काढली आणि टेबलावर तिच्या बाजूला सरकवली. हे मला पहिल्या दिवशीही करता आलं असतं. त्याला कुणाची मंजुरी लागत नव्हती. तीन महिने किल्ली त्या ड्रॉवरमध्येच होती.

ती किल्लीकडे बघत राहिली. मग बाटलीचं झाकण उघडलं आणि न थांबता, अर्धी बाटली, पाऊण, सगळी प्यायली. आबा बघत होते. "अजून आनू?" म्हणाले.

"आना," तारा म्हणाली.